अक्षरं येतात, वाचता येत नाही

सेनापती बापट रस्त्यावर बालभारती, भांबुर्ड्यात राज्य मंडळाचं मुख्यालय, कुमठेकर रस्त्यावर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद. महाराष्ट्रातल्या मुलांनी काय वाचायचं, शिक्षकांनी ते कसं शिकवायचं आणि दहावीला कशाचा पेपर लिहायचा, हे सगळं पुण्यातल्या चार-पाच किलोमीटरच्या टापूत ठरतं. याच शहरात नववी-दहावीच्या पालकांची एक वेगळी धावपळही चालू असते, ती 'एलडी'च्या, म्हणजे अध्ययन अक्षमतेच्या, सर्टिफिकेटसाठी. मुलगा बोलायला चुणचुणीत, क्रिकेटचे आकडे तोंडपाठ, पण पेपर अर्धा कोरा. कोणीतरी सुचवतं, एकदा तपासून घ्या. तपासल्यावर कळतं की डिस्लेक्सिया आहे. म्हणजे तो पहिलीतही होता, दुसरीतही होता. तेव्हा त्याला आळस, चंचलपणा, 'लक्ष नसतं अभ्यासात' अशी नावं दिली गेली, एवढंच.

मधल्या आठ वर्षांत नेमकं काय अडत होतं आणि ते कधी पकडता आलं असतं, ते सावकाश पाहू. 'वाचता येत नाही' ही तक्रार 'पोटात दुखतं' या तक्रारीइतकीच मोघम असते. कुठे, कधी, कसं, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बोलायला मूल आपोआप शिकतं. वाचायला शिकवावं लागतं, कारण माणसाने लिपी शोधली त्याला पाचएक हजार वर्षंच झाली आणि मेंदूत वाचनासाठी जन्मजात जागा तयार व्हायला एवढा काळ म्हणजे काहीच नाही. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान यांच्या मांडणीनुसार मेंदूच्या डाव्या बाजूचा, मागचा एक भाग एरवी वस्तू आणि चेहरे ओळखण्याचं काम करतो. वाचायला शिकताना तोच अक्षरांच्या कामाला लावला जातो. अक्षर डोळ्यांनी टिपलं की त्याची गाठ आवाजाशी घालायची, आवाज एकमेकांना जोडायचे आणि जोडून झालेला शब्द अर्थापर्यंत न्यायचा. सराईत वाचणाऱ्याचं हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होऊन जातं, म्हणून त्यात काही काम आहे असं आपल्याला वाटतच नाही.

डिस्लेक्सियात अडतं ते बहुतेक वेळा आवाजाच्या टोकाला. नजर चांगली असते, बुद्धी चांगली असते, पण शब्द ज्या आवाजांचा बनलेला आहे ते आवाज मनात स्वच्छ, सुटे धरता येत नाहीत. मराठी मुलांच्या एका जुन्या खेळातून हे चटकन कळतं. 'च'ची भाषा. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि सुरुवातीला 'च' लावायचा. 'तुला काय हवं' याचं होतं 'चलातु चयका चवंह'. हा खेळ खेळायला पाटी-पेन्सिल लागत नाही, एकही अक्षर ओळखावं लागत नाही. फक्त शब्दाचे तुकडे करून ते मनातल्या मनात हलवता यावे लागतात. दुसरी-तिसरीतली मुलं दोन दिवसांत यात इतकी तयार होतात की घरातल्या मोठ्यांना काही कळेनासं होतं. ज्या मुलाचं आवाजाच्या बाजूला अडतं, त्याला इथेच घाम फुटतो. या एका खेळावरून निदान करू नये. पण मूल या खेळातून सारखं अंग काढून घेत असेल, भेंड्यांत शेवटचं अक्षर कोणतं हे त्याला पटकन सांगता येत नसेल, तर ते लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट अनेकदा सोबत दिसते. माहीत असलेलं नाव ओठांवर यायला वेळ लागतो. रंग, आकडे, वस्तू दाखवून भराभर नावं विचारली की मूल अडखळतं. अक्षर ओळखीचं असूनही 'हे... हे... अं... भ' असं होतं ते यामुळे. ज्या मुलांमध्ये दोन्ही अडचणी असतात त्यांचं वाचन सर्वांत मंद चालतं.

हे सगळं नवीन नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. अंकगणित ठीक, खेळात मागे नाही, पण साधे शब्द वाचता येत नव्हते. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकाचं मत होतं. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, महाराष्ट्र सरकारने अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. देशात हे पाऊल आधी उचलणारं राज्य आपलं. त्याच सुमारास मुंबईत पालकांच्या पुढाकाराने महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. पण घराघरांत हा शब्द पोहोचला तो २००७च्या डिसेंबरात, 'तारे जमीन पर'मुळे. त्यातली निवासी शाळा म्हणजे पाचगणीची न्यू एरा. सिनेमाने मोठं काम केलं यात शंका नाही. दोन गैरसमजही मागे ठेवले. एक, अशी मुलं अक्षरं उलटी बघतात. दोन, अशा प्रत्येक मुलात एक चित्रकार दडलेला असतो. काहींत असतो, काहींत नसतो, जसा तो इतर मुलांत असतो किंवा नसतो. चित्र साधारण काढणाऱ्या मुलालाही वाचायला शिकण्याचा तेवढाच हक्क आहे.

उलट्या अक्षरांचं जरा सविस्तर बघायला हवं, कारण मराठी शाळेतलं मूल सुटतं ते इथे. 'बी' आणि 'डी'ची अदलाबदल ही रोमन लिपीतली गोष्ट. तिथेही सहा-सात वर्षांपर्यंत ती बहुतेक मुलांकडून होते. देवनागरीत एकमेकांचं आरशातलं रूप वाटतील अशी अक्षरं जवळपास नाहीतच. त्यामुळे इंटरनेटवरची लक्षणांची यादी घेऊन बसलेल्या पालकाला आपल्या मुलात काहीच सापडत नाही आणि तो निर्धास्त होतो.

आपल्या लिपीत खाचखळगे आहेत, पण ते दुसऱ्या जागी. पहिला खळगा संख्येचा. इंग्रजीत सव्वीस अक्षरं. आपल्याकडे तीस-पस्तीस व्यंजनं बाराखडीतून काढली की चारशेच्या आसपास आकृत्या होतात, जोडाक्षरं वेगळीच. या सगळ्यांवर पकड यायला साध्या मुलालाही चार-पाच वर्षं लागतात. दुसरा खळगा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा : भ-म, घ-ध, प-ष, थ-य, आणि 'ख' की 'रव'. तिसरा सर्वांत फसवा, कारण तिथे डोळ्यांचा क्रम आणि कानांचा क्रम एकमेकांविरुद्ध जातात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चार मात्र नंतर. म्हणून 'दिवस'चं 'दविस' होतं. रफार उलटा : 'कर्म'मध्ये तो 'म'च्या डोक्यावर बसतो आणि उच्चारायचा 'म'च्या आधी. एकट्या 'र'ची रूपं बघा : कर्म, क्रम, ट्रक, दऱ्या. त्यातही 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. मोठ्या माणसांनीही एकदा थांबून वाचावं असं हे प्रकरण आहे.

शिवाय लिहिलेलं सगळं बोललं जात नाही. 'सरबत'मध्ये चार सुटी अक्षरं आहेत, बोलताना मात्र 'सर्बत' होतं. 'स, र, ब, त' असं एकेक अक्षर मोठ्याने म्हणून शेवटी सरबतापर्यंत पोहोचायला एक उडी मारावी लागते. 'चाक'मधला च वेगळा, 'चंद्र'मधला वेगळा, लिहायचा एकच. अनुस्वाराचा आवाज 'संप', 'संत' आणि 'संसार' या तिन्हींत निराळा. ज्या मुलाचे कान तयार आहेत, ते हे सगळं न शिकवता उचलतं. ज्याचे नाहीत, त्याला एकेक गोष्ट उघड करून दाखवावी लागते.

इतकं असूनही मराठी लिपी इंग्रजी स्पेलिंगपेक्षा कितीतरी सरळ आहे. याचा परिणाम असा की मराठी वाचताना डिस्लेक्सिया असलेलं मूल फार चुकत नाही. ते हळू वाचतं. इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचणाऱ्या, डिस्लेक्सिया असलेल्या प्रौढांवरचा एक अभ्यास २००१ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला होता. तिघांच्याही मेंदूत अडचणीची जागा एकच निघाली, पण इटालियन लोकांचं वाचन त्यातल्या त्यात बरं होतं, कारण त्यांचं स्पेलिंग सरळ. मराठीच्या बाबतीत हे लक्षात ठेवलं तर तिसरी-चौथीतलं ते मूल दिसू लागतं, जे सगळं बरोबर वाचतं, पण परिच्छेद संपेपर्यंत वर्गातली बाकीची मुलं प्रश्नाचं उत्तर लिहून मोकळी होतात. त्याच्या वहीवर शेरा पडतो : 'वेग वाढवावा.'

आता शुद्धलेखन. इथे पालक उगाच घाबरतात. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घ हा भेद अर्थासाठी फारसा वापरला जात नाही, त्यामुळे 'फूल' आणि 'फुलाला' हे कानाने ओळखून लिहिता येत नाही, नियमाने लिहावं लागतं. पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांत हा भेद पाळलेलाच नाही, आणि तरी राज्यकारभार चालला. तेव्हा वेलांटी-उकाराच्या चुका म्हणजे डिस्लेक्सिया नव्हे; त्या वर्तमानपत्रांतही सापडतात. ज्या चुकांनी उच्चारच बदलतो त्या बघा. 'कपाट'चं 'कटाप', 'म्हणून'चं 'मणून', शब्दातलं एखादं अक्षर गायब, मात्रा हरवलेली, आणि चौथीतही हे रोज. तिथे थांबायला हवं.

घरी एक साधी पाहणी करता येते. वेळ लागतो अर्धा तास, आणि मूल ताजंतवानं असताना करावी. पाठ्यपुस्तक मात्र बाजूला ठेवा, कारण पुस्तकातले धडे पुष्कळ मुलांना पाठ असतात. पान उघडायचं, चित्र बघायचं आणि म्हणून दाखवायचं. बघणाऱ्याला वाटतं मूल वाचतंय. त्याऐवजी अक्षरं उलटसुलट क्रमाने लिहून द्या. मग बिनमात्रांचे शब्द. मग काना, वेलांटी, उकार असलेले. त्यानंतर अर्थ नसलेले शब्द : 'मुटारी', 'सोपकी', 'लिडणे'. हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. ओळखीचा शब्द मूल अंदाजाने मारून नेतं; 'सोपकी'चा अंदाज करता येत नाही, तो वाचावाच लागतो. शेवटी एक अनोळखी परिच्छेद द्या आणि त्याच तोडीचा दुसरा परिच्छेद तुम्ही वाचून दाखवून दोन्हींवर प्रश्न विचारा.

यातून काय कळतं? फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक सुटसुटीत सूत्र मांडलं : वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकून समजण्याची क्षमता. गुणाकार आहे, बेरीज नाही, त्यामुळे एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. ऐकलेल्या परिच्छेदाची उत्तरं फटाफट आली आणि वाचलेल्याची नाहीत, तर अडचण उलगडण्यात आहे, आणि डिस्लेक्सियाची शंका घ्यायला जागा आहे. ऐकलेलंही कळलं नाही, तर प्रश्न भाषेचा असू शकतो. घरी तेलुगू, पावरी किंवा मारवाडी बोलणारं मूल पुण्याच्या मराठी शाळेत बसलं असेल तर त्याला आधी मराठी हवी, उपचार नकोत. आणि सगळ्याच्याही आधी कान आणि डोळे एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत.

यानंतरचा प्रश्न जरा अवघड, कारण त्याचं बोट मुलाकडून शाळेकडे वळतं. मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून घरोघर जाऊन मुलांना अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या क्रमाने वाचायला लावते. २०२२च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. डिस्लेक्सियाचं प्रमाण साधारणपणे पाच ते दहा टक्के धरलं जातं. उरलेल्या मुलांच्या मेंदूत काही अडलेलं नाही. त्यांना नीट शिकवलं गेलेलं नाही.

मराठी वाचन कसं शिकवावं यावर आपल्याकडे चांगलं काम झालं आहे, फक्त ते शहरातल्या पालकांच्या कानावर येत नाही. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी तिथल्या वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता प्रगत शिक्षण संस्था उभी केली. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात नीलेश निमकर यांची 'क्वेस्ट' काम करते. वाड्यातली मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमधली कन्नड मुलं कशी वाचायला शिकतात, याचा काही वर्षं पाठपुरावा करणारा मोठा अभ्यास शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. या सगळ्या कामातून मला समजलेलं सार असं : आधी सगळी मुळाक्षरं, मग अख्खी बाराखडी, मग शब्द आणि सर्वांत शेवटी गोष्ट, हा रस्ता फार लांबचा आहे. अर्थापर्यंत पोहोचायच्या आधीच मूल थकतं.

त्याऐवजी चार अक्षरं घ्या : क, म, न, ल. त्यांच्याबरोबर लगेच काना द्या. नाक, कान, काम, मान, लाल, मका, मामा, काका, नाना, कमान, कमाल. पहिल्याच आठवड्यात मुलाच्या हातात खरे शब्द येतात. इथे परंपरेशी थोडं भांडण आहे. 'ग म भ न' हा आपला जुना श्रीगणेशा वळणाच्या सारखेपणावर बेतलेला आहे. लिहायला शिकताना तो सोयीचा असेल. पण वाचताना गोंधळणाऱ्या मुलापुढे 'म' आणि 'भ' शेजारी शेजारी ठेवणं म्हणजे गोंधळ ओढवून घेणं. एक पक्का होईपर्यंत दुसरा दाखवूच नये. मात्रांतही क्रम असावा. काना, मग दीर्घ वेलांटी, कारण ती आवाजाच्या क्रमाने उजवीकडे येते. ऱ्हस्व वेलांटी उशिरा आणि मुद्दाम समजावून. जोडाक्षरांत आधी 'म्ह', 'स्त', 'प्य' अशी, ज्यांत अर्धं अक्षर डोळ्यांना दिसतं. मग एकाखाली एक रचलेली. 'क्ष', 'ज्ञ' शेवटी. 'र'च्या रूपांना स्वतंत्र वेळ, घाई न करता.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी वेगळी जादू नाही. हेच, पण जास्त उघड, जास्त बारीक पायऱ्यांनी आणि कितीतरी अधिक वेळा. १९२०च्या दशकात सॅम्युअल ऑर्टन आणि पुढे ॲना गिलिंगहॅम यांनी इंग्रजीसाठी जी पद्धत घडवली, तिचा गाभा हाच. अशा शिकवणीचा अर्धा तास साधारण असा जातो. सुरुवातीला पाच मिनिटं फक्त तोंडी खेळ : 'कपाट'मधून 'क' काढला तर काय उरतं, 'पाट'च्या जागी 'पात' कसं होईल. मग अक्षरांच्या जुन्या पत्त्यांची उजळणी. मग एकच नवी गोष्ट, दोन नाहीत. ती पाहायची, मोठ्याने म्हणायची, बोटाने गिरवायची, लिहायची. अक्षरांचे पत्ते जुळवून शब्द बनवायचे आणि एकेक पत्ता बदलत जायचं : कान, मान, मन, मीन. त्यातले पाच-सहा शब्द श्रुतलेखनाला. शेवटी, शिकून झालेल्या अक्षरांचाच बनलेला छोटा मजकूर वाचायचा, आणि तोच मजकूर पुढचे तीन-चार दिवस पुन्हा पुन्हा. ओळखीच्या मजकुरावरच वेग येतो. आठवड्यातून एकदा दीड तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास भारी पडतो.

तिसरीच्या पुढे मराठीची आणखी एक अडचण येते, जिच्याबद्दल इंग्रजी पुस्तकांत काही सापडत नाही. आपले शब्द लांबत जातात. 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा एक शब्द आहे. हे अक्षर-अक्षर करत वाचायला गेलं तर शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. अशा मुलाला शब्द फोडायला शिकवावं : घर, समोर, च्या, ना, सुद्धा. पेन्सिलीने बारीक रेघा मारायला परवानगी द्यावी. सामान्यरूपं जोडीने दाखवावीत : पाऊस-पावसात, मासा-माशाला. 'तल्या', 'साठी', 'पेक्षा', 'मुळे' असे शेपटीचे तुकडे डोळ्यांना एकगठ्ठा ओळखीचे झाले की वाचन अचानक सुटं होतं. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीसाठी मिनिटाला साठ शब्दांचं लक्ष्य आहे. मराठीतले साठ शब्द म्हणजे किती अक्षरं, हे घड्याळ लावण्याआधी मोजून पाहावं.

उलगडण्याचा सराव चालू असताना ऐकण्याची बाजू उपाशी ठेवू नये. जे मूल वाचत नाही त्याला पुस्तकांतले शब्द भेटत नाहीत, आणि दोन-तीन वर्षांत त्याची भाषाही मागे पडू लागते. म्हणून त्याच्या वयाचं, त्याच्या बुद्धीच्या तोडीचं साहित्य त्याला वाचून दाखवायचं, चौथी-पाचवीतही. पुण्यात याची चणचण नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रमय पुस्तकं आहेत, माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' आणि थोड्या मोठ्यांसाठी 'वाचू आनंदे' आहे. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आणि जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर'वर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी फुकट मिळतात. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात चार वर्षांच्या मुलाचं पुस्तक देऊ नये, एवढं भान ठेवावं. त्याला वाचता येत नाही. अपमान मात्र व्यवस्थित कळतो.

रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे वर्ग यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी चष्मे-व्यायामांचा उपयोग नाही हे २००९ मध्येच एकत्रितपणे सांगितलं आहे.

माध्यमाचा प्रश्न पुण्यात हटकून येतो. घरी मराठी, शाळा इंग्रजी. डिस्लेक्सियाला सर्वांत कठीण लिपीव्यवहार इंग्रजीचा, आणि आपण मुलाला थेट तिथेच उतरवतो. छोट्या गटातल्या मुलाच्या घरात कुणाला वाचनाची अडचण असेल (ही गोष्ट घराण्यात चालते), तर मातृभाषेची शाळा निवडावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पाचवीतल्या मुलाचं माध्यम बदलणं मात्र इतकं सोपं नसतं. तिथे शाळा तीच ठेवून घरी मराठी वाचन पक्कं करता येतं. चिन्हातून आवाज निघतो आणि आवाज जोडून शब्द होतो, ही खूण एका लिपीत पटली की दुसरीत कामी येते.

शाळेने करायच्या गोष्टी बहुतेक बिनखर्चाच्या आहेत. अशा मुलाला अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावू नये. वाचायला द्यायचंच तर परिच्छेद आदल्या दिवशी द्यावा. फळ्यावरून उतरवायला जास्त वेळ, किंवा सरळ फळ्याचा फोटो. इतिहासाच्या उत्तरात इतिहास तपासावा, वेलांट्या नव्हे. काही चाचण्या तोंडी घ्याव्यात. साठ मुलांच्या वर्गात हे जमत नाही असं बाई म्हणतात तेव्हा त्यांचंही खोटं नसतं. पण अचानक वाचायला उभं न करणं साठांच्या वर्गातही जमतं.

आता सर्टिफिकेट. १९९५च्या अपंगत्वाच्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचं नावच नव्हतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला, एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि त्यातल्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. ती लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात बदल करणं ही त्यात शाळेची जबाबदारी मानली आहे. २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिक्षकांनी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, मुलांची प्राथमिक चाळणी करायची. प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते, आणि अठराव्या वर्षीचं कायम राहतं. म्हणजे कागदावर तिसरी, आणि आपली धावपळ नववीत.

तपासणीत बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात. बुद्धिमापनासाठी आजही वापरल्या जाणाऱ्या दोन चाचण्या आपल्याच भागात घडल्या आहेत : व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतलेली बिने-कामत, आणि नागपूरचे आर्थर मालिन यांची १९६९ची चाचणी. बुद्ध्यांक ८५च्या वर असेल तर पुढे बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेची वाचन-लेखनाची चाचणी होते. इथे एक फट आहे. ज्याचा बुद्ध्यांक ७८ निघतो ते मूल ना अध्ययन अक्षमतेच्या कंसात बसतं ना बौद्धिक अक्षमतेच्या. त्याला सवलत मिळत नाही आणि वाचताही येत नाही. वरचा अर्ध्या तासाचा धडा त्यालाही तितकाच लागू पडतो, कारण शिकवण्याची पद्धत बुद्ध्यांक विचारत नाही. मराठीतून चाळणी करण्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटाने 'डाली' हा चाचणीसंच केला आहे. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत २०१५ पासून तो उपलब्ध आहे. शाळेने तो मागवला आहे का, हे पालकसभेत विचारायला हरकत नाही.

मूल नववीतच असेल आणि आत्ताच कळलं असेल, तर वाचनाचा धडा सोडू नये. फक्त त्यासोबत परीक्षेची तयारी वेगळी करावी लागते. जास्तीचा वेळ आणि लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं असं अनेकांना वाटतं. लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो, त्याला विषय माहीत नसतो, आणि उत्तर तोंडी सांगणं हे निराळंच कौशल्य आहे. कुठे नवा परिच्छेद, कोणता शब्द अधोरेखित, आकृतीला नावं कोणती, हे सगळं विद्यार्थ्यालाच बोलून सांगावं लागतं, तेही दुसऱ्याच्या लिहिण्याच्या वेगाने. सहामाहीपासून त्याच लेखनिकाबरोबर प्रत्येक विषयाचे दोन-तीन जुने पेपर पूर्ण वेळ लावून सोडवून घ्यावेत. शाळेमार्फत मंडळाकडे जाणारे अर्ज परीक्षेच्या कितीतरी आधी करायचे असतात, त्यामुळे मुख्याध्यापकांना जूनमध्येच गाठावं.